सोमवारी भांडू

रात्री पावणेनऊला कागद आला, कन्नडात.
लुमाण्णानं वाचला, घडी घातली,
म्हणाला, "शाळेचं मैदान गेलं."
तेवढंच.
मैदानात मांडव अर्धा उभा,
व्यासपीठावर सतरंजी अंथरून झालेली
आणि तिच्यावर गावचं एक कुत्रं, अध्यक्षासारखं.

मी खजिनदार. मला आधी आकडेच दिसतात.
मांडव अकरा हजार, पैकी पाच दिलेले.
चारशे माणसांचं जेवण, पाहुण्यांची गाडी,
सकाळी नऊला ग्रंथदिंडी.
कुणी म्हणालं, मोर्चा काढू.
कुणी म्हणालं, आत्ताच्या आत्ता तहसीलदाराच्या दारात बसू.
लुमाण्णा म्हणाला, "भांडू की. सोमवारी.
आज शनिवार हाय."

अडिवेप्पा मांडववाला गोकाककडचा.
आमच्या संमेलनातलं त्याला चहा तेवढा कळतो.
त्यानं एकच विचारलं, "एल्लि कट्टोदु?"
कुठं बांधायचं?
लुमाण्णानं बॅटरी फिरवली. झोत रताळ्याच्या शेतावरनं सरकत
भातगिरणीच्या खळ्यावर जाऊन थांबला.
"अल्लि."

मग मी पहिल्यांदा नीट बघितलं
अडिवेप्पा गाठी कशा सोडतो ते.
एक हिसका, की दोर मोकळा.
"पक्की का मारत नाहीस रे?"
"पक्की मारली तर कापायला लागतंय, साहेब.
दोर माझा हाय."

रात्रभर खुर्च्या डोक्यावरनं गेल्या.
बांधावर पाय घसरून ओमाण्णा गुरुजी दोनदा बसले,
दोन्ही वेळा खुर्ची सरळच राहिली.
फलकावर छापलेलं, 'स्थळ: शाळेचे पटांगण'.
गौराक्कानं जुन्या इरकलीचा काठ आणला
आणि त्या ओळीवर टाके घातले,
तोंडात सुई धरून शिव्या देत, कुणाला ते कळलं नाही.

हे काही पहिलं नव्हे.
एका वर्षी पाहुण्याला नाक्यावरनंच परत लावलं.
गुरुजींनी फोन माइकला धरून ठेवला पाऊण तास,
हात भरून आला तर हात बदलला.
भाषण ऐकू आलं, मध्येमध्ये
त्याच्या बाजूनं जाणाऱ्या एस्टीचा हॉर्न.
साथीच्या वर्षी आम्ही अकराजण, गुरुजींच्या जोत्यावर,
तोंडं बांधून.
वहीत तरी मी लिहिलंच: उत्साहात पार पडले.
खोटं नव्हतं ते फारसं.

रविवारी दिंडी चालत आली शाळेपर्यंत,
फाटकाचं कुलूप बघितलं,
आणि ताशा न थांबवता वळली.
गिरणीत कोंड्याचा वास. अध्यक्ष शिंकत शिंकत उद्घाटन करत होते.
साडेअकराला लाईट गेली.
लोकांनी कुणी न सांगता खुर्च्या पुढं ओढल्या,
एवढ्या पुढं, की वाढपी मागं भात घेऊन उभेच.
नववीतल्या सुकन्या होनगेकरनं कविता म्हटली,
आज्जी विहिरीत वाकून जिला हाक मारते त्या बहिणीवर.
त्यात आज्जी मराठीत रडते
आणि विहीर कन्नडात ओ देते.
अडिवेप्पा मागं दोर गुंडाळत उभा होता.
त्यानं आमच्या आधी टाळी वाजवली.

सोमवारी लुमाण्णा कागद घेऊन बेळगावला गेला,
इस्त्रीचा शर्ट घालून, भांडायला.
अजून जातोय, तारखेला तारीख.

रात्री मी खुर्च्या मोजल्या. दोनशे नव्याण्णव.
एक गिरणीच्या राखणदाराकडं राहिली,
तो तिच्यावर बसून बिडी ओढतोय म्हणे.
लिहिलं: खुर्ची एक, येणे बाकी.
मग पुढच्या वर्षाचं पान काढलं.
तारीख पेनानं, जानेवारीतला दुसरा रविवार.
जेवण पेनानं. मांडव पेनानं, अडिवेप्पा.
'स्थळ' लिहून टिंबं दिली, आणि थांबलो.
नातवाच्या दप्तरातली पेन्सिल घेतली.
खोडरबर त्यानं मागायच्या आधीच
वहीत ठेवून दिला होता.